लहान मुलांनाही वारं जातं
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

पक्षाघात हा म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मुलाचा हात लुळा पडला तरी घरच्यांना आधी ‘झोपेत दबला असेल’ असंच वाटतं. मुलांमध्ये हा आजार क्वचित होतो, पण होतो. अगदी पोटातल्या बाळापासून कॉलेजच्या पोरापर्यंत कुणालाही. या अंकासाठी आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीतल्या एका मुलीच्या हातातून लिहिता लिहिता पेन्सिल गळाली. तोंड एका बाजूला गेलं, बोलणं बोबडं झालं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, पाणीही पाजलं. वीस मिनिटांत ती अगदी पहिल्यासारखी झाली, म्हणून घरी पाठवली. आमचं काही चुकलं का? पुन्हा असं झालं तर नेमकं काय करायचं?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज तालुका

उत्तर : मुलीला घरी पाठवलं, तेवढं व्हायला नको होतं. वीस मिनिटांत सगळं सुरळीत झालं म्हणजे धोका टळला असं नसतं. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही मिनिटांसाठी तुटून पुन्हा सुरू झाला, तर हुबेहूब असंच दिसतं, आणि खरा झटका पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत येऊ शकतो. हा अंक हातात पडेपर्यंत तिला बालरोगतज्ज्ञांनी तपासलं नसेल, तर पालकांना आजच गाठा.

पुन्हा घडलं तर सगळ्यात आधी घड्याळ बघा. मूल शेवटचं व्यवस्थित कधी दिसलं, ती वेळ कागदावर लिहा. प्रार्थनेला ठीक होती आणि साडेअकराला पेन्सिल गळाली, तर दोन्ही वेळा लिहा. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येतो, आणि पुढचं बरंच काही त्या उत्तरावर ठरतं. मग तीन गोष्टी करायला सांगा : दात दाखव, दोन्ही हात समोर धर, नाव-गाव सांग. ओठाचा एक कोपरा उचलला जात नाही, एक हात खाली येतो किंवा बोलणं लटपटतं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि ‘मुलाला पक्षाघाताचा संशय आहे’ असं स्पष्ट सांगा. ‘चक्कर आली’ म्हणू नका, त्याने घाई कमी होते. मुलांमध्ये सुरुवातच पुष्कळदा आकडीने, जोरदार डोकेदुखीने किंवा उलटीने होते. त्यामुळे आकडी थांबल्यावर एक बाजू लुळी राहिली तर ‘फिटनंतरचा थकवा’ हे निदान शाळेत करू नका. आकडीनंतर काही तास अशी कमजोरी राहू शकते हे खरं, पण ती तशीच आहे हे तपासणीनंतरच म्हणता येतं.

गाडी येईपर्यंत मुलाला कुशीवर झोपवा. तोंडात पाणी, साखर, गोळी, चमचा, काहीही घालू नका. एका बाजूचा घसा लुळा असेल तर पाण्याचा घोट थेट श्वासनलिकेत जातो आणि दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया उभा राहतो. कांदा आणि चपलेने अपाय होईलच असं नाही, पण तेवढी दहा मिनिटं जातात. हात-पाय चोळत बसू नका. आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली आणि मुलाला आधीच नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा लिहून दिलेला असेल, तर तो सांगितलेल्या मात्रेत द्या.

जायचं कुठे, हे आधीच ठरलेलं असावं. चोवीस तास सीटी स्कॅन आणि बालरोगतज्ज्ञ दोन्ही असतील असं ठिकाण हवं. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. चंदगडच्या बऱ्याच गावांना बेळगाव जवळ पडतं. तिकडे जाणं सोयीचं असेल तर जिल्ह्याच्या हद्दीचा विचार करू नका. निघतानाच फोन करून मशीन चालू आहे का ते विचारा. मोठ्यांना साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. मुलांमध्ये ते सरसकट देत नाहीत, निवडक मुलांनाच तज्ज्ञ देतात. तरीही घाई हवीच. पहिल्या तासांत रक्तातली साखर, ताप, आकडी, ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळला तर मेंदूचा अजून वाचू शकणारा भाग वाचतो.

तुमच्या मूळ पत्रात, इथे न छापलेली, एक ओळ महत्त्वाची आहे. असंच तिला घरी गरम तांबडा रस्सा फुंकून पिताना एकदा झालं होतं, असं तिची आई म्हणाली. हे डॉक्टरांना न विसरता सांगायला सांगा. मोयामोया नावाच्या आजारात मेंदूला रक्त देणाऱ्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जातात. मूल जोरजोरात फुंकतं, हमसून रडतं, फुगे फुगवतं, तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतल्या वाहिन्या आकसतात आणि आधीच तोकडा असलेला पुरवठा तुटतो. एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एमआरआय स्कॅनमध्ये, हे दिसतं. त्यावर नवीन रक्तमार्ग तयार करणारी शस्त्रक्रिया असते, आणि ती मोठा झटका येण्याआधी झाली तरच तिचा पुरता उपयोग.

प्रश्न : आमचं ११ महिन्यांचं बाळ कॉटवरून पडलं. उंची दीड-दोन फूट. रडलं, गप्प झालं, दूध प्यालं. अर्ध्या तासाने उजवा हात-पाय हलवेना. पहिल्या ठिकाणी ‘डोक्याला मार नाही’ म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी स्कॅन नीट बघून मेंदूत चुन्याच्या रेषा आहेत, पक्षाघात झालाय, असं सांगितलं आणि ॲस्पिरिन सुरू केलं. एवढ्याशा पडण्याने असं होतं? बाळ माझ्या सासूबाईंजवळ होतं, त्या तेव्हापासून जेवत नाहीत.
— बाळाची आई, कागल तालुका

उत्तर : आधी सासूबाईंसाठी. चालायला शिकणारं प्रत्येक मूल पडतं. दीड फुटावरून पडून निरोगी बाळाचा हात लुळा पडत नाही. तुमच्या बाळाच्या मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंतीत आधीपासून कॅल्शियम साचलेलं होतं. अशा कडक झालेल्या नळीला छोटा हिसका बसला तरी ती ताणली जाते, आकसते किंवा तिच्यात गुठळी धरते. साधारण ६ महिने ते २ वर्षं या वयातला हा प्रकार भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना चांगला परिचयाचा आहे. पडल्यानंतर काही मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही कमजोरी दिसू शकते. सासूबाईंच्या हातून काही झालेलं नाही, हे त्यांना आमच्या नावाने वाचून दाखवा.

पहिल्या ठिकाणी निसटलं, त्यालाही कारण आहे. डोक्याला मार म्हटल्यावर सगळे रक्तस्राव आणि हाडाची चीर शोधतात, आणि दोन्ही नव्हतं. चुन्याच्या रेषा केसासारख्या बारीक असतात. पातळ काप घेऊन बाजूने आणि समोरून प्रतिमा जोडल्या तर सीटीत दिसतात, जाड कापांत हरवतात. एमआरआयमध्ये ताजा पक्षाघात लगेच कळतो, पण हा चुना बहुधा कळत नाही. म्हणून सीटीची सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

यातली बहुतेक मुलं पुष्कळ सुधारतात. पण बाळ पुन्हा आपटलं तर पुन्हा होऊ शकतं, आणि ॲस्पिरिन त्यासाठीच आहे. प्रमाण साधारण दर किलोला रोज ३ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे ९ किलोच्या बाळाला २७ ते ४५. आपल्याकडे गोळी मिळते ७५ ची, आणि चूक होते ती तिथे. गोळी नखाने मोडली की तुकडे सारखे होत नाहीत. वर आवरण असलेली गोळी तर मोडूच नये. पाण्यात विरघळणारी गोळी मागा, १० मिली पाण्यात घाला, ढवळा, गाळ खाली बसायच्या आत सिरिंजने ५ मिली ओढा. ते झाले साडेसदतीस मिलिग्रॅम. उरलेलं ओतून द्या, उद्यासाठी ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. गोळी दुधानंतर द्या, रिकाम्या पोटी नको.

ॲस्पिरिन चालू असताना ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन नको. ते ॲस्पिरिनचा परिणाम अडवतं आणि पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढवतं. तापाच्या काही सिरपमध्ये दोन्ही एकत्र असतात, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. घरात कुणाला कांजिण्या निघाल्या किंवा बाळाला फ्लूसारखा ताप आला तर त्याच दिवशी फोन करून ॲस्पिरिन थांबवायचं का विचारा. या तापांत ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला सूज येणारा, क्वचित पण जीवघेणा प्रकार होऊ शकतो. फ्लूची लस दरवर्षी द्या. कांजिण्यांची लस देताना मात्र ॲस्पिरिन चालू असल्याचं आधी सांगा, कारण त्या लसीनंतर सहा आठवडे ॲस्पिरिन टाळावं असा संकेत आहे.

आणि दूध. म्हशीचं दूध भरपूर पाजलं की बाळ धष्टपुष्ट होतं, यावर कोल्हापूरकरांचा मोठा विश्वास. दुधात लोह जवळजवळ नसतं, शिवाय पोट भरल्याने बाळ भाकरी-भाजीकडे बघत नाही. लोह कमी पडलं की रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अशा बाळांमध्ये रक्तक्षय वारंवार सापडतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. वर्षाच्या आत म्हशीचं किंवा गाईचं दूध मुख्य आहार म्हणून नकोच. वर्षानंतरही दिवसाला अर्धा लिटर ही कमाल मर्यादा. लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका, लिंबू पिळलेल्या वरणानंतर द्या आणि जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, दात काळे होत नाहीत. शी काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आल्यावरही औषध दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. ‘रक्त वाढलं’ म्हणून मध्येच बंद करणारे पालक पुष्कळ.

कॉटवरून गादी जमिनीवर आणा, पायऱ्यांना आडणा लावा. झोळी आणि वॉकर दोन्ही बंद.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. महिनाभर कान वाहत होता. मग डोकेदुखी, सकाळी उलट्या, एकाचे दोन दिसायला लागले. साधा सीटी ठीक आला. नंतरच्या तपासणीत मेंदूतल्या शिरेत गुठळी सापडली. आता घरी रोज दोनदा पोटात एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन द्यायचं आहे. माझे हात थरथरतात. हे किती दिवस चालणार?
— वडील, इचलकरंजी

उत्तर : आधीच्या दोन पत्रांतला बिघाड रक्त आणणाऱ्या धमनीतला. तुमच्या मुलाची गुठळी रक्त परत नेणाऱ्या शिरेत आहे. कानामागच्या हाडाला अगदी चिकटून मेंदूची एक मोठी शीर जाते. कानाचा पू त्या हाडात उतरला की शिरेची भिंत सुजते आणि रक्त तिथे थिजतं. रक्त तुंबतं, डोक्यातला दाब वाढतो. सकाळच्या उलट्या आणि दोन दिसणं त्या दाबामुळे. साधा सीटी अशा वेळी निर्दोष दिसू शकतो. शिरांचा खास स्कॅन, म्हणजे व्हेनोग्राफी, मागावीच लागते. वाहत्या कानाला खोबरेल तेल आणि लसणीवर ठेवणं किती महाग पडू शकतं, ते या पत्रातून इतरांनी ध्यानात घ्यावं. जुलाब-उलट्यांनी सुकलेलं मूल, किडनीतून प्रथिनं जाण्याचा आजार, रक्ताच्या कर्करोगावरची काही औषधं, बी-१२ ची कमतरता, यांतही हीच गुठळी होते.

आता इंजेक्शन. एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. नेहमीचं प्रमाण दर १२ तासांनी किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला एका वेळी १८. दुकानात मिळणारी तयार सिरिंज बहुधा ४० मिलिग्रॅमची, ०.४ मिली. याचा अर्थ १ मिलीत १०० मिलिग्रॅम. खोक्यावर हाच हिशेब आहे ना, ते दर वेळी वाचा. त्या सिरिंजवर १८ मोजता येत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी इन्सुलिनची सिरिंज वापरायला शिकवतात. इथे जिवावर बेतणारी चूक होते, म्हणून सावकाश वाचा. इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या असतात. नारिंगी टोपणाची यू-१००, तिच्यावरची १८ रेघ म्हणजे ०.१८ मिली, म्हणजे बरोबर १८ मिलिग्रॅम. लाल टोपणाची यू-४०, तिच्यावरची १८ रेघ म्हणजे ०.४५ मिली, म्हणजे ४५ मिलिग्रॅम, अडीचपट औषध. आपल्याकडे दुकानदार न विचारता लाल टोपणाची देतात. रंगावर विसंबू नका, नळीवर छापलेलं ‘यू-१००’ वाचा, आणि पहिले दोन-तीन डोस नर्ससमोर स्वतः भरून दाखवा.

जागा बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाच्या बाजूला, किंवा मांडीच्या पुढच्या भागावर. सकाळी डावीकडे, रात्री उजवीकडे. कातडीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ घाला, औषध हळू सोडा, दहा मोजून सुई काढा, मग घडी सोडा. नंतर कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका. चोळल्यानेच काळेनिळे डाग पडतात. देण्याआधी पाच मिनिटं कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावला तर मूल कमी रडतं. हाताची थरथर चार दिवसांत जाते. सकाळी आठ आणि रात्री आठ, वेळ घट्ट ठेवा. एखादा डोस राहिला तर पुढचा दुप्पट देऊ नका, फोन करा.

औषध योग्य पातळीवर आहे का, हे अँटी-टेन-ए नावाच्या रक्ततपासणीत कळतं. इंजेक्शननंतर ४ ते ६ तासांनी रक्त घ्यायचं, पातळी ०.५ ते १ च्या दरम्यान हवी. वेळ चुकली तर आकडा निरर्थक, म्हणून इंजेक्शन कितीला दिलं ते लॅबच्या चिठ्ठीवर लिहा. वजन वाढलं की मात्रा बदलते, दर भेटीत वजन करा. दंडात किंवा कुल्ल्यात स्नायूत दिली जाणारी इंजेक्शनं न विचारता घेऊ नका. डोक्याला मार, काळी शी, लघवीत रक्त, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी, यातलं काहीही झालं तर पुढचा डोस न देता थेट दवाखाना.

साधारण तीन महिने धरा. मग पुन्हा व्हेनोग्राफी. शीर पूर्ण मोकळी नसेल तर सहा महिन्यांपर्यंत. पुढे तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर आणता येईल का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. यात दोन गोष्टी मागे पडतात. एक, कान. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा, आणि हाडातला पू काढायची शस्त्रक्रिया सुचवली असेल तर तिला हो म्हणा. दुसरी, डोळे. वाढलेल्या दाबाने नजरेची नस सुजते आणि मूल तक्रार न करता नजर गमावतं. सुरुवातीला दर आठवड्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. मुलाला पाणी कमी पडू देऊ नका. जुलाब लागले तर प्रत्येक शीनंतर १०० ते २०० मिली ओआरएस.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, तालमीत जातो. डाव टाकताना मान पिळली. चार दिवस मान दुखली, वस्तादांनी मालिश केलं, सलूनमध्ये मान मोडून घेतली. मग एकदम गरगरलं, उलट्या, चालताना तोल जायला लागला. मानेच्या धमनीचा आतला पापुद्रा फाटलाय म्हणतात. पुन्हा कुस्ती कधी?
— वडील, करवीर तालुका

उत्तर : इतक्यात नाही. फाटलेल्या पापुद्र्याखाली रक्त शिरतं, तिथे गुठळी धरते आणि तिचा तुकडा वर मेंदूत जाऊन अडकतो. म्हणून मान दुखणं आणि झटका यांच्यात दिवस जातात. रक्त पातळ ठेवायचं औषध बहुधा ३ ते ६ महिने चालतं, मग एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी. धमनी भरून आलेली दिसेपर्यंत आखाडा, मानेवरचा पूल, शीर्षासन, जड वजन, सगळं बंद. भरून आल्यावरही मान पिळणाऱ्या कुस्तीला परत जावं का, हे मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचं, आणि पुष्कळदा उत्तर नाही असंच असतं. पोराला ते पचायला जड जाईल. वस्तादांनाच त्याच्याशी बोलायला सांगा, त्यांचा शब्द तो मानेल.

तालमींसाठी : मान पिळल्यावर एका बाजूची वेगळीच, सतत दुखणारी मान, एक पापणी खाली येणं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, गरगरणं, यातलं काही असेल तर मालिश नाही, मान कडकन मोडणं तर अजिबात नाही. वजन गटात बसण्यासाठी पाणी तोडणं आणि घाम काढणंही बंद करा, सुकलेल्या शरीरात रक्त लवकर गोठतं. याच जातीचा आणखी एक अपघात गळिताच्या हंगामात होतो : तोंडात उसाचं कांडं धरून पळताना मूल पालथं पडतं आणि कांडं तोंडातल्या टाळूला मागे, बाजूला भोसकतं. जखम लहान दिसते, पण तिच्या मागेच मेंदूची मोठी धमनी असते. टाळूच्या कडेला जखम असेल तर दवाखान्यात दाखवा आणि तीन दिवस मुलाच्या हात-पायांवर, बोलण्यावर लक्ष ठेवा. ब्रश आणि पेन्सिलबाबतही हेच.

प्रश्न : मुलगी ७ महिन्यांची. सगळं डाव्या हातानेच घेते, उजवी मूठ मिटलेली. आजी म्हणते डावखुरी आहे. माझ्या गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतं, त्याचा संबंध आहे का?
— आई, राधानगरी तालुका

उत्तर : ग्रहणाचा संबंध नाही. तुम्ही काय खाल्लं, काय उचललं, याचाही नाही. पण डावखुरेपणा इतक्या लवकर ठरत नाही. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताला अडचण आहे असं समजून तपासायचं. पुष्कळदा जन्माच्या आगेमागे झालेला पक्षाघात असाच, पाच-सहा महिन्यांनी, हात पुढे करायच्या वयात उघडा पडतो. एमआरआयमध्ये तो जुना व्रण म्हणून दिसतो. यात बहुधा ॲस्पिरिन लागत नाही, कारण तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी, आणि पुढच्या बाळंतपणातही तेच. हृदयाची सोनोग्राफी मात्र एकदा करून घ्या.

खरं औषध म्हणजे व्यायाम, आणि तो निदानाची वाट न पाहता सुरू करायचा. चांगल्या हातावर मऊ मोजा चढवून, खेळणी उजव्या बाजूने पुढे करून, रोज साधारण अर्धा तास, आठवड्यातले ६ दिवस, ६ आठवडे. थेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरी करता येतं. वाटी, खुळखुळा, पोळीचा तुकडा, मुठीत मावेल असं काहीही चालतं. मोजा दिवसभर ठेवू नका, चांगला हातही शिकतोय. मिटलेली मूठ जोराने ओढून उघडू नका. मनगट थोडं आत वाकवलं की बोटं आपोआप सैल होतात. झोपेतून उठल्यावर मान आणि हात झटकन पुढे, लागोपाठ दहा-वीस वेळा, असं दिसलं तर मोबाइलवर चित्रीकरण करून त्याच दिवशी दाखवा. ती वेगळ्या प्रकारची आकडी असते आणि तिच्या उपचाराला उशीर चालत नाही.

अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव नोंदवा, तिथून पुढे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फुकट थेरपी मिळते. मुलगी मोठी झाल्यावर हातात दोष राहिला तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा वेळ त्याच्या आधारे मिळतो.